टाकीच्या झाकणावरची रांगोळी

कुणी पाणी दिलं की मी ग्लास आधी उजेडाकडे धरून बघते. मग वास घेते. मग पिते, नाहीतर 'आत्ताच चहा झाला' असं सांगते. या सवयीमुळे नात्यातली माणसं मला फारशी घरी जेवायला बोलावत नाहीत. लग्नाला मात्र बोलावतात, कारण तिथे बाटल्या असतात. नोकरीने मला जे काही दिलं त्यात पेन्शनच्या खालोखाल हीच सवय टिकून राहिली आहे.

मी बंगळूर शहराच्या आरोग्य खात्यात हेल्थ इन्स्पेक्टर होते. आमच्या घराण्याला इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या, की आपण कुणाबरोबर आणि कशासाठी आलो याबद्दल घरात अजून वाद आहेत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि राग आला की दोन्ही. ऑफिसात आणि वॉर्डात सगळे मला शकूअक्का म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते मला नारायणप्पा सांगायचा. तो माझा सहकारी. नमुन्यांची पेटी त्याच्याकडे आणि बोलणी खाण्याचं काम माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती.

आरोग्य खातं म्हटलं की लोकांना डॉक्टर आठवतात. डॉक्टर आजारी माणसाकडे बघतो. आम्ही तो माणूस कुठे जेवला, काय प्याला आणि त्याच्या मोरीचं पाणी कुठे जातं ते बघतो. डॉक्टरला लोक पेढे देतात. आम्हाला लांबून बघितलं तरी दार लावून घेतात. एका हॉटेलवाल्याने तर आमच्यासाठी खास पद्धत बसवली होती. चमचे ठेवायच्या भांड्यातलं पाणी उकळतं असावं असा नियम आहे. आमची स्कूटर कोपऱ्यावर दिसली की त्याचा माणूस इडलीच्या वाफेखालचं पाणी आणून त्या भांड्यात ओतायचा. मी एकदा पायी गेले. त्यानंतर हॉटेलमालकाने मला 'अक्का, तब्येत बरी आहे ना, चालत आलात?' असं फार काळजीने विचारलं.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका सोसायटीत कारंज्याच्या कुंडात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ते मासे आहेत, लहान आहेत अजून. मी म्हटलं, मोठे होऊ द्या, मग ते चावतील. त्यांनी माझी तक्रार केली. सरकारी बाईने रहिवाशांना धमकावलं, असं त्यात होतं.

मधल्या काळात सुधारणाही पुष्कळ झाल्या. खात्याचं नाव बदललं, दवाखान्यांवर नवे रंग आले, पाट्यांवर हसरी कुटुंबं आली. आम्हाला मोबाइलमध्ये एक अ‍ॅप मिळालं. त्यात रोगाचं कारण निवडायला यादी होती, आणि आम्हाला सापडलेलं कारण सहसा त्या यादीत नसायचं. मग आम्ही 'इतर' निवडायचो. वरच्या कार्यालयात असा समज झाला असणार, की आमच्या वॉर्डात 'इतर' नावाची मोठी साथ आहे.

हे सगळं सांगते आहे, कारण ज्या एका प्रकरणाबद्दल मला खरं लिहायचं आहे त्याचं कारणही 'इतर'मध्येच गेलं.

बनशंकरीच्या एका गल्लीत काविळीचे रोगी सापडायला लागले. एकाला कावीळ झाली तर ते त्याचं नशीब असतं. एका गल्लीत चार घरांत डोळे पिवळे झाले, तर ते पाणी असतं. हे शिकायला पदवी लागत नाही. कुठलं पाणी, हे शोधायला मात्र चपला झिजवाव्या लागतात.

बंगळूरचं पाणी कसं येतं ते बाहेरच्यांना सांगायला हवं. कावेरीचं पाणी रोज येत नाही. येईल त्या दिवशी ते अंगणात जमिनीखाली बांधलेल्या टाकीत पडतं. तिला इथे संप म्हणतात. पुण्याहून आलेले पाहुणे हा शब्द ऐकून हसतात, त्यांना हसू द्यावं. मी तिला टाकीच म्हणते. टाकीतून पंपाने पाणी गच्चीवर जातं आणि तिथून नळाला. टाकीवर लोखंडी झाकण असतं. घराला अंगण म्हणून जेमतेम मोटार राहील एवढीच जागा असते. त्यामुळे पाण्याची टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर शेजारी शेजारी नांदतात.

आम्ही रस्त्याकडचं पाणी तपासलं. ते स्वच्छ होतं. म्हणजे दोष कुणाच्या तरी फाटकाच्या आत होता. आमच्या कामात ही सगळ्यात अवघड बातमी. रस्त्यावर दोष निघाला तर सरकारला शिव्या देऊन गल्ली मोकळी होते. फाटकाच्या आत निघाला तर तो कुणाच्या तरी घराण्याचा अपमान होतो.

रोग्यांना विचारत गेलो. समोरचा शिंपी, फुलांच्या माळा घालायला येणारी बाई, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. त्यांच्यात एकच गोष्ट सारखी निघाली. ते सगळे सावित्रीअक्कांच्या फाटकापाशी ताक प्यायचे. सावित्रीअक्का म्हणजे आमच्यातल्याच, जुन्या बंगळुरी मराठी घरातल्या. उन्हाळा लागला की त्या फाटकाशी पातळ ताकाचा माठ ठेवायच्या. आलं, कोथिंबीर, कढीपत्ता घातलेलं ताक, येईल त्याला. गल्लीत सगळ्यांत पहिल्यांदा पिवळे झालेले गृहस्थ त्यांचेच यजमान निघाले. व्यंकोबराव, सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले. तोवर ते बरे होऊन काविळीवर उसाचा रस कसा गुणकारी ते सगळ्यांना सांगायला लागले होते.

रक्ताचा रिपोर्ट आला. कावीळ ई प्रकारची होती. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला कधी नव्हे ते बसायला सांगितलं. ही कावीळ बाकीच्यांना त्रास देऊन निघून जाते, त्या म्हणाल्या, पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला झाली तर जिवावर बेतते. तिच्याही आणि पोटातल्याही. गल्लीत कुणी आहे का तसं?

होती. सावित्रीअक्कांच्याच माडीवरची भाडेकरू, पल्लवी. पुण्याची. ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत, पण सातवा सरल्यापासून घरूनच काम करायची. मी वर गेले तेव्हा कानात हेडफोन घालून कुणाला तरी 'येस, येस' म्हणत होती. मी आधी तिचे डोळे बघितले. पांढरे होते.

"मॅडम, मी फक्त आरओचंच पाणी पिते," ती म्हणाली. "सो मी सेफ आहे ना?"

मी ताकाचं विचारलं.  तिने हळूहळू सांगितलं. मशीनचं पाणी मेलेलं असतं, त्याने बाळाला ताकद कशी येईल, असं अक्कांचं मत. म्हणून रोज दुपारी त्या स्वतः ताकाचा ग्लास घेऊन जिना चढून यायच्या आणि संपेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. पल्लवीला नाही म्हणवत नसे. शिवाय ते तिला आवडायचंही. या शहरात तिची वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं. नवरा ऑफिसातून रात्रीच परतायचा, आणि आई पुण्यात गुडघ्याचं ऑपरेशन करून पडली होती.

या काविळीची एक वाईट खोड आहे. ती अंगात शिरली तरी कित्येक आठवडे दिसत नाही. तेव्हा देण्यासारखं औषध नाही. पल्लवीला झाली आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नव्हतं. आजपासून खालचं काहीही घ्यायचं नाही, एवढंच मी तिला सांगितलं आणि खाली आले.

सावित्रीअक्कांचं अंगण मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. मी आयुष्यात इतकी स्वच्छ जागा बघितली नाही, आणि मी ऑपरेशन थिएटरं तपासलेली आहेत. रोज दूधवाला यायच्या आधी त्या बादल्या ओतून, खराट्याने घासून अंगण धुवायच्या. फाटकाजवळच्या ड्रेनेजच्या चेंबरच्या कडेने अधूनमधून घाण पाझरायची. अक्का पहिल्यांदा ती धुवायच्या. मग रांगोळी काढायच्या. दारासमोर सपाट चौकोनी जागा एकच होती, टाकीचं लोखंडी झाकण. त्यावर रोज नवी रांगोळी, रंग भरलेली.

मी त्यांना म्हटलं, टाकी उपसून बघायला हवी.

त्या दुखावल्या. मला ते समजत होतं. आमच्या लोकांत घर मोठं नसलं तरी चालतं, स्वच्छ नसलं तर चालत नाही. उगादीला, म्हणजे पाडव्याला, टाकी धुतली होती, त्या म्हणाल्या. आणि मी कुणाची मुलगी, माझ्या आईकडे त्या कितीदा जेवल्या होत्या, तेही सांगितलं. त्याच आठवड्यात त्या घरात पल्लवीचं डोहाळजेवण होतं. पोटच्या मुलीचं करावं तसं अक्का करणार होत्या. माळ्यावरून पितळी पातेली उतरवलेली दिसत होती. गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं गेलं होतं. टाकी उपसेपर्यंत या घरात स्वयंपाक होणार नाही, असं मला सांगावं लागलं.

"उपस की मग," अक्का म्हणाल्या. "सगळ्या गल्लीला बोलावून उपस. बघू दे त्यांनाही."

आणि त्यांनी खरोखरच गल्लीला बोलावलं. माझा अनुभव असा, की अस्वच्छ माणसं तपासणीच्या वेळी दार लावतात आणि स्वच्छ माणसं प्रेक्षक जमवतात. दुसरा प्रकार मला नेहमी जास्त जड गेला आहे.

पंप लावून पाणी काढलं. नारायणप्पा शिडीने आत उतरला. व्यंकोबराव वरून बॅटरी दाखवत होते.  मग त्याने बादली मागितली आणि भरून वर दिली.

बादलीत गाळ होता. गुलाबी, पिवळा, हिरवा, मध्येच निळा. थरावर थर बसलेला. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. गल्लीतल्या बायकांनी बादलीत बघितलं आणि मग बाजूला काढून ठेवलेल्या झाकणाकडे बघितलं. त्यावर त्या सकाळची अर्धी रांगोळी होती. अंगणाला नवी फरशी बसवताना झाकण फरशीच्या पातळीपेक्षा खाली गेलं होतं. मी झाकण परत जागेवर ठेवायला लावलं आणि चेंबरपाशी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी चेंबरवरून वाहत आलं, झाकणापाशी जरा घुटमळलं आणि कडेच्या फटीतून आत गेलं. रांगोळीची एक पाकळी घेऊन गेलं.

अक्का जितकं घासून धूत होत्या तितकी घाण आत जात होती. त्यांनी जरा आळस केला असता तर गल्ली धडधाकट राहिली असती. हे मी तिथे बोलले नाही.

सावित्रीअक्का हुशार बाई. त्यांनी चेंबरकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं, मग मान वर करून माडीच्या गॅलरीकडे बघितलं. पल्लवी तिथे कठड्याला टेकून उभी होती.

"तिला मी रोज पाजत होते ना ग?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

नोकरीत मी पुष्कळ उत्तरं गोल करून दिली. हे गोल होण्यासारखं नव्हतं.

पुढचं काम सरळ होतं. टाकी धुतली, ब्लीचिंग पावडर टाकली, चेंबर दुरुस्त करून घेतलं, झाकणाभोवती वीतभर उंच सिमेंटचा कठडा बांधला. पुढचे काही आठवडे गल्लीत नवा रोगी आला नाही. डोहाळजेवण झालं नाही. पितळी पातेली परत माळ्यावर गेली. सावित्रीअक्कांनी अंगण धुणं बंद केलं. रांगोळी बंद, फाटकाशी माठ बंद, माडीवर जाणं बंद. गल्लीने त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही, शिंप्याने तर मुद्दाम येऊन विचारपूस केली. पण त्या कुणाशी बोलेनात. मी दर आठवड्याला पल्लवीला बघायला जायची. त्या दारात उभ्या असायच्या आणि एकच शब्द विचारायच्या.

"डोळे?"

मी पांढरे म्हणायची. त्या आत जायच्या.

मग एका आठवड्यात ते पांढरे नव्हते.

पल्लवीला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिची आई काठी टेकत पुण्याहून आली. रक्त गोठत नाही, एवढंच आम्हाला कळत होतं, आणि म्हणजे यकृत काम सोडतंय, हे मला ठाऊक होतं. व्यंकोबराव रोज हॉस्पिटलात जायचे. अक्का घरचं काही करून पाठवत नव्हत्या. व्यंकोबरावांबरोबर त्या शहाळी पाठवायच्या, न फोडलेली. आत कुणाचा हात लागलेला नसतो म्हणून. पहिल्यांदा ती शहाळी बघितली तेव्हा मी व्यंकोबरावांना उगीचच पार्किंगबद्दल विचारलं.

त्याच दिवसांत खात्याने मला एका कार्यशाळेला पाठवलं. विषय होता आरोग्य सुधारणा आणि पर्यावरण. हॉल थंडगार होता. सुरक्षित पाण्यावर बोलायला आलेल्या प्रत्येकासमोर सीलबंद बाटली होती. यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही, मी दोन घेतल्या. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच सांगितलं, की घराचा नकाशा मंजूर करताना पाण्याच्या टाकीच्या झाकणाला वीतभर कठडा सक्तीचा करा आणि ड्रेनेज तिच्यापासून लांब ठेवा. सूचना सगळ्यांना आवडली. मग नकाशे एका खात्याचे, पाणी दुसऱ्याचं, ड्रेनेज कुणाचं आणि कावीळ तेवढी आमची, असं निघालं. सूचना समितीकडे गेली. मी रिटायर झाले, ती अजून सेवेत आहे. माझं सगळं आरोग्यधोरण वीतभर उंचीचं होतं. तेवढंही मला शहराच्या गळी उतरवता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. रस्त्याने जाताना अंगणातली खोल बसलेली झाकणं दिसतात आणि मी मान वळवते.

पल्लवीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. त्यानंतर कित्येक दिवस दोघींचं काही खरं नव्हतं. मग एका दुपारी व्यंकोबरावांचा फोन आला, दोघी आता धोक्याबाहेर आहेत. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. नारायणप्पा वरच्या पायरीवर उभा राहून कुणी येत नाही ना ते बघत होता. कुणी आलंच तर 'शकूअक्कांना चक्कर आलीय' असं सांगायचं त्याने ठरवलं होतं.

पल्लवीच्या नवऱ्याने के. आर. पुरमकडे दुसरा फ्लॅट बघून ठेवला होता. मला त्यात काही चूक वाटली नाही. पण ती बाळाला घेऊन बनशंकरीलाच आली. मी त्या दिवशी पाणी तपासायला म्हणून गेले होते. खरं म्हणजे तपासणीची पाळी नव्हती.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात, आत आणि बाहेर यांच्या मध्ये उभ्या होत्या. बाळाकडे लांबूनच बघत होत्या. पल्लवी अजून अशक्त होती. जिना न चढता ती सरळ त्यांच्याकडे गेली.

"अक्का, आईला खाली बसता येत नाही," ती म्हणाली. "बाळाची आंघोळ तुम्ही घालाल?"

"माझ्या हाताने नको ग," अक्का म्हणाल्या. "दुसरं कुणीतरी बघ."

 पल्लवीने बाळ त्यांच्या हातात ठेवलं आणि टॉवेल आणायला निघून गेली. हातात बाळ असल्यावर माणसाला हात मागे घेता येत नाहीत. अक्कांनी माझ्याकडे बघितलं.

"पाणी बघ."

मी नळाचं पाणी बाटलीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं झालं, म्हणजे त्यात क्लोरीन होतं. आमच्या धंद्यात पिवळा रंग चांगला असतो तो एवढ्या एकाच ठिकाणी. मी चांगलं आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, परत बघ. मी परत बघितलं. त्यांनी आणखी एकदा सांगितलं तेव्हाही बघितलं. चाचणीत काही फरक पडणार नव्हता, पण बाळ त्यांच्या हातात रुळेपर्यंत वेळ हवा होता.

मग त्या न्हाणीघरात पाटावर बसल्या, पाय लांब केले आणि बाळाला पायांवर घेतलं. कोपर बुडवून पाणी बघितलं. पहिला तांब्या पडल्याबरोबर मुलीने असा आवाज काढला, की माडीवरून पल्लवीच्या आईने काठी आपटून काय झालं म्हणून विचारलं. आणि इतके आठवडे एका शब्दावर जगलेल्या सावित्रीअक्का बोलायला लागल्या. आधी मुलीला बोलल्या, एवढा गळा घेऊन आलीस तर भाजी विकायला बस म्हणून. मग पल्लवीला, हा टॉवेल आहे का फडकं म्हणून. मग पाणी स्वल्प कोमट पाहिजे हे न कळणाऱ्या व्यंकोबरावांना. त्यानंतर त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"आणि तू ग? न्हाणीघराच्या दारात चपला घालून उभी? म्हणे हेल्थ इन्स्पेक्टर."

मी चपला बाहेर काढून ठेवल्या आणि परत दारात येऊन उभी राहिले, आणखी काही बोलतील म्हणून.